वरण जळलं नव्हतं

आमच्या घरी दिवस उजाडायचा तो बाबांच्या ‘हलो, हलो’नं. अंगणात ऑटो उभा, त्याच्या टपावर पत्र्याचे दोन भोंगे, आत बॅटरी आणि मशीन, आणि बाबा दात घासायच्याही आधी माइक हातात घेऊन उभे. ‘हलो, हलो, माइक टेस्टिंग, एक, दोन, तीन.’ तीनच्या पुढं ते कधी गेले नाहीत. तीन झालं की चुलीजवळून माय ओरडायची, ‘आलं, आलं, ऐकू आलं! सारी वस्ती उठवून राहिले!’ आणि चहाचा कप उंबरठ्यावर ठेवायची. गल्लीतले लोक वैतागायचे, पण वैतागून का होईना, उठायचे. शेजारची शेवंताकाकू तर म्हणायची, ‘या माणसामुळं आमाले घड्याळ घ्याचं कामच पडलं नाही.’ नागपूरच्या थंडीत गोधडीत तोंड खुपसून मी ते सगळं ऐकायची आणि मनात म्हणायची, झालं, उठा आता.

बाबांचा धंदा पुकाऱ्याचा. कपड्याच्या दुकानाचा सेल, गावात आलेली सर्कस, उद्या नळ येणार नाही, अमक्याच्या घरी मयत झाली, इतक्या वाजता निघणार, असं सगळं बाबांच्या तोंडून वस्त्यावस्त्यांतून फिरायचं. आता आमच्याकडे कचऱ्याची गाडी येते, तिच्यात कुठल्याशा बाईचा भरून ठेवलेला आवाज असतो. गोड आहे बिचारीचा, पण ती रोज तेच बोलते आणि कुणाकडेही बघत नाही. बाबा बघायचे. आवाज तर असा, की दोन गल्ल्या पलीकडची बाई हातातलं काम ठेवून दारात येई. लिहिण्याच्या नावानं मात्र आनंद होता. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली होती. दुकानदार जो कागद देत तो त्यांना वाचता यायचा, पण ते म्हणायचे, ‘हा कागद वाचासाठी हाय, बोलासाठी नाही.’ म्हणून मी आठवीत गेल्यावर ते कागद नव्यानं लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं. निबंधात माझा पहिला नंबर यायचा आणि त्याचा मला भरपूर माज होता. तो अजूनही पुरता उतरलेला नाही, असं माझ्या सुनेचं मत आहे.

माझा पहिला कागद डोळ्यांच्या शिबिराचा होता. ‘समस्त नागरिक बंधुभगिनींना कळविण्यास अत्यंत आनंद होतो की,’ अशी मी झोकात सुरुवात केली. बाबांनी एकदा वाचलं आणि विचारलं, ‘हे कोन ऐकून राहिलं?’

‘म्हणजे?’

‘म्हणजे हे तू सांगून कोनाले राहिली? त्याचं तोंड पाह्य आधी. डोये कोनाचे गेले? म्हातारीचे. म्हातारी कोठी बसली हाय? दारात, गोधडी शिवत. मंग तिले सांग ना. नागरिकाइले काहून सांगतं?’

मी रुसले. कागद फाडला. आणि मग रागारागातच लिहिलं, ‘ज्या मायले सुईत दोरा ओवता येत नाही, तिनं उद्या सकाळी शाळेत यावं. डॉक्टर डोये पाहून देणार हाय, पैसे लागणार नाहीत.’ दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात म्हाताऱ्यांची ही गर्दी! काही जणींनी तर सुई आणि दोरा पदराला खोचून आणला होता, डॉक्टरला दाखवायला, की पाहा, नाही ओवता येत. बाबा त्या दिवशी मला घेऊन तर्रीपोहे खायला गेले आणि टपरीवाल्याला उगाचच सांगत राहिले, ‘माही पोरगी लेहते.’

तेव्हापासून एका कामाचे मी दोन-दोन, तीन-तीन कागद करू लागले. साडीच्या सेलचा धरमपेठेतला कागद वेगळा, त्यात ‘आपण अवश्य भेट द्यावी’ असं. इतवारीत शिरलो की हिंदी, तिथं ‘आइए, देखिए, माल पसंद न आए तो मत लीजिए’. आणि आमच्या वस्तीत ‘अवं बाई, पाहाले काय लागते?’ बाबा ऑटो चालवताना एका हातानं माइक धरत आणि मी मागच्या सीटवर बसून गल्ली बदलली की पुढचा कागद त्यांच्या हातात देई. पुढं मी आयुष्यभर सरकारी पत्रकं लिहिली, मग मुलांचे धडे लिहिले. लोक विचारतात, लिहिण्याचं शिक्षण कुठं घेतलं? मी म्हणते, ऑटोत. त्यांना वाटतं बाई विनोद करते.

माय या सगळ्यापासून लांब होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्याचं तिला फार काही वाटतही नसे. तिचं राज्य वेगळं होतं. आमच्या समोरच्या खोलीत ती मेस चालवायची. बाहेरगावाहून शिकायला आलेली पोरं सकाळ-संध्याकाळ जेवायला यायची, कुणी नरखेडकडचं, कुणी भिवापूरचं. भाजी कधी वांग्याची, कधी पाटोडीचा रस्सा, पण वरण रोज. आणि ते वरण म्हणजे काय सांगू! चुलीवर पितळेचा गंज, त्यात तुरीची डाळ, आणि माय त्याच्यापुढून हलायची नाही. पाणी किती, जाळ किती, कधी पळी फिरवायची, हे ती त्या खदखदण्याच्या आवाजावरून ओळखायची. मग लसणाची फोडणी, भिवापुरी मिरची, वरून सांबार. पुण्याकडच्यांनी घाबरू नये, सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. ती फोडणी पडली की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून बसत. पोरं तिला काकू म्हणायची आणि सुट्टीत गावी जाऊन आली की सांगायची, ‘काकू, माह्या मायले नोका सांगू, पन वरण तुमचंच.’ माय तोंडावर पदर घेऊन हसायची. संध्याकाळी बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून वंदना झाली की पहिली वाढ ती बाबांना करायची, आणि बाबा पहिला घास घेऊन नुसते ‘हं’ म्हणायचे. माणूस दिवसभर दुनियेसाठी बोलायचा आणि घरात आला की ‘हं’. मायनं त्या ‘हं’वरच संसार केला.

तर झालं असं. एका भांड्याच्या दुकानाचं काम बाबांना मिळालं, प्रेशर कुकरचा पुकारा. मी कागद चांगला लिहून दिला होता, गॅस वाचतो, वेळ वाचतो वगैरे. शनिवारच्या बाजारात आम्ही ऑटो लावला. भोंग्यांची तोंडं बाजाराकडे, पाठ भाजीवाल्यांच्या रांगेकडे. बाबांनी कागद वाचला, आणि कुणी मान वर करून पाहीना. बाबांना ते सहन व्हायचं नाही. त्यांनी माझा कागद सीटवर टाकला आणि मनानंच सुरू केलं, ‘अवं बाया हो! माह्या घरी या, हाल पाहा माह्ये! माही बायको वरण चुलीवर ठेवते अन् शेजारनीशी गोष्टी करत बसते. वरण जळते! लगन झाल्यापासून मी जळकं वरण खाऊन राहिलो! तुमच्या नवऱ्यानं तुमचं काय वाईट केलं? घ्या ना कुकर!’

बाजार खो खो हसला. माणसं तर टाळ्या द्यायला लागली. बाबांना जोर चढला. त्यांनी पुन्हा सांगितलं, यावेळी जळक्या वरणाचा वास, मग त्यातले काळे खडे, मग शेजारीण. दुकानात बाया शिरायला लागल्या. मी पण हसत होते. हसता हसता मागं वळून पाहिलं, तर भोंग्यांच्या मागं, मेथीवालीच्या पुढं माय उभी होती. हातात पिशवी. मेथीवाली तिला ओळखत होती, ती खाली मान घालून, ओठ दाबून हसू आवरत होती. मायनं हातातली मेथीची जुडी हळूच परत ठेवली आणि रिकामी पिशवी घेऊन ती निघून गेली. भोंग्याजवळ बसलेल्याला समोरचं सगळं दिसतं, मागं कोण उभं आहे ते दिसत नाही.

दोन दिवसांत ‘जळकं वरण’ सगळ्या वस्तीत झालं. पोट्टे गल्लीतून ओरडत जायचे. मेसमधल्या पोरांनी आधी गंमत केली, मग एक-दोघं दुसरीकडे जेवायला जाऊ लागली. नवी आलेली पोरं दारातून विचारायची, ‘तेच का हो हे, जळक्या वरणाचं घर?’ रोज तिच्या हातचं जेवणारेसुद्धा ताटात बोट घालून काळं काही आहे का पाहू लागले! मला इतका संताप यायचा, की वाटायचं एकेकाच्या डोक्यावर गंज उपडा करावा.

मायनं बाबांना एकदाच विचारलं. ‘लोकाइले हसवाले मीच भेटली तुमाले?’

‘अवं, मजाक होता तो,’ बाबा म्हणाले. ‘लोक हसले, कुकर खपले. खरं कोन मानते?’

‘सारे मानून राहिले.’

‘मानू दे ना. मले तर मालूम हाय.’

‘तुमाले मालूम हाय, ते तुमी कधी बोलले नाही,’ माय म्हणाली. ‘अन् जे बोलले ते भोंग्यावर बोलले.’

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वरण रांधलं, झाकून ठेवलं आणि लुगडी पिशवीत भरली. मला म्हणाली, ‘मामाकडे चालली मी. पोराइले सांगजो, मेस बंद हाय.’ मामा सावनेरच्या अलीकडच्या एका खेड्यात राहायचा. मी तिच्या मागं मागं रस्त्यापर्यंत गेले. ‘कधी येशीन वं माय?’ तर म्हणे, ‘पाहीन.’ एसटीत बसताना तिनं वळून पाहिलं नाही. माझी माय अशी नव्हती. मला रडूच कोसळलं.

दुसऱ्या सकाळी बाबांनी ‘एक, दोन, तीन’ केलं आणि चुलीकडून काहीच आलं नाही. ते माइक धरून तसेच उभे राहिले. त्यानंतर त्यांनी सकाळचं टेस्टिंगच सोडलं, आणि वस्तीतले लोक उशिरा उठू लागले. मामाकडे निरोप गेले, पण मामाचं एकच, ‘तिले वाटंल तवा येईल.’ स्वयंपाक मी आणि बाबा मिळून करायचो. एकदा बाबांनीच वरण ठेवलं, आणि ते लागलं. सगळ्या घरात तो कडवट धूर. आम्ही दोघं समोरासमोर बसून ते जेवलो. बाबा म्हणाले, ‘हा वास पाह्य कसा हाय. इतके वर्षं झाले, हा वास आपल्या घरात आलाच नव्हता.’ आणि ताट सरकवून उठले. त्यांचे डोळे धुरानं लाल झाले होते असं मी तेव्हा धरून चालले.

मग एका संध्याकाळी ते माझ्यापुढं येऊन बसले. ‘तू लेहून दे वं बाई. तुही माय काय ऐकंल, ते लेह.’ मी जीव ओतून लिहिलं. पहिला कागद फार पुस्तकी झाला, दुसरा फार फिल्मी. तिसरा मात्र असा जमला, की लिहिताना माझेच डोळे भरून आले. ‘ऐका हो ऐका! नागपूरचा एक माणूस आज तुमच्या गावी आला हाय. त्याच्या घरची चूल इझली हाय. त्यानं भर बाजारात म्हटलं, का माह्या बायकोचं वरण जळते. त्याची जीभच जळाले पाहिजे होती! त्या हातचं वरण म्हणजे अमृत.’ असं पानभर. बाबांनी ते पाठ केलं. न्हाव्याकडे जाऊन आले, धुतलेला सदरा घातला, आणि आम्ही ऑटो घेऊन निघालो. वाटेत कोळशाचे ट्रक, कापसाच्या गाड्या, आणि बाबा सगळा रस्ता ओठातल्या ओठात तो कागद घोकत होते.

गावच्या पारापाशी ऑटो थांबवला. मामाचं घर समोरच. ओसरीवर कापसाचा ढीग आणि माय त्यातली काडी-पाती वेचत बसलेली. भोंग्यांची तोंडं नीट तिच्याकडे करून बाबांनी सुरू केलं. काय बोलले त्या दिवशी! सारं गाव जमा झालं. बाया पदरानं डोळे पुसू लागल्या, म्हातारे माना डोलवू लागले. ‘अमृत’ आल्यावर कुणीतरी ओरडलं, ‘वा भाऊ! अजून एक बार होऊ दे!’ आणि बाबांनी खरंच अजून एक बार केलं. माय कापूस वेचत राहिली. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

मी धावत ओसरीवर गेले. ती म्हणाली, ‘तू लेहलं हे.’

‘हाव.’

‘चांगलं लेहलं,’ असं म्हणून तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला. तिच्या बोटांना कापूस चिकटलेला होता. मला वाटलं, जमलं.

‘मंग चाल ना वं घरी.’

‘अवं पोरी, या गावात कोनाले मालूम होतं, का माह्यं वरण जळते म्हनून? एकालेबी नाही. आता साऱ्या गावाले मालूम झालं!’

एवढी निबंधाची पहिली नंबरवाली, आणि हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं! तेवढ्यात बाबा माइक ठेवून ओसरीपाशी आले, हौशीनं, शाबासकी मिळेल अशा तोंडानं. मायनं पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं.

‘जिथं बोलले, तिथं बोला. ज्याइनं ऐकलं, त्याइले सांगा. हे लोक बिचारे, याइचं काय काम?’

बाबांचं तोंड उतरलं. ‘बाजारात? अवं, मी पुकाऱ्यावाला. भोंग्यावर खोटं बोललो, असं मीच भोंग्यावर सांगू? मंग उद्या माह्या कोन्या गोष्टीवर लोक भरोसा ठेवतीन? दुकानदार काम देईल काय मले?’

‘माह्या वरणावर लोकाइचा भरोसा होता,’ माय म्हणाली. आवाज चढवला नाही. ‘शनिवारी भावासंगं येतो मी बाजारात. ऐकतो. मंग इकडे याचं का घरी जाचं, ते पाहीन.’

मायला न घेताच आम्ही परतलो. शुक्रवारी मी विचारलं, ‘लिहून देऊ?’ ते म्हणाले, ‘नोको. हे लेहाचं नाही.’ रात्री जेवलेही नाहीत.

शनिवारी ऑटो त्याच जागी लागला, भोंगे पुढं, पाठ भाजीकडे. मामा लांब एका झाडाखाली उभा राहिला आणि माय पिशवी घेऊन मेथीवालीच्या पुढं. मला मागच्या सीटवरून ती दिसत होती. बाबांनी माइक धरला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मला बारीक ऐकू आला.

‘भाऊ हो, बाया हो. मी इथंच बोललो होतो, का माह्या घरचं वरण जळते. खोटं बोललो. कुकर खपवासाठी बोललो. तुमी हसले, मले चांगलं वाटलं, अजून बोललो. माह्या घरी आजपर्यंत वरण जळलं नाही. ते वरण खाऊन मी रोज तुमच्यापुढं बोलतो. बस, इतकंच.’

बाजारात कुणी हसलं नाही. तराजू थांबले. भांड्यांचा दुकानदार दारात येऊन उभा राहिला, त्याचं तोंड असं झालं होतं की पाहवेना. एक म्हातारा माझ्या बाबांकडे पाहून नुसता मान हलवत होता, चांगल्यासाठी की वाईटासाठी, कळत नव्हतं. मी मागं पाहिलं. माय तशीच उभी. मेथीवालीनं तिला काहीतरी विचारलं. आणि मग माझी माय, जिनं कधी चारचौघांत आवाज काढला नव्हता, ती त्या भाजीच्या रांगेतून ओरडली, ‘ऐकू नाही आलं!’

सगळा बाजार वळला.

‘भोंगे तुमचे तिकडे, आमी इकडे. या मेथीवालीले ऐकूच नाही आलं. तवा तर इनं सारं ऐकलं होतं!’

बाबा खाली उतरले. ऑटोच्या चाकावर पाय ठेवून टपावर चढले, एका भोंग्याचा पेच ढिला केला आणि तो गर्रकन मागं फिरवला. वायर अडकली, ती सोडवली. मग ते खाली येऊन सीटवर बसले, मागं तोंड करून. भोंगा हलवला की आधी टेस्टिंग करायचं, ही त्यांची जन्माची सवय.

‘हलो, हलो. माइक टेस्टिंग. एक, दोन, तीन.’

‘आलं, आलं, ऐकू आलं!’ मायच्या तोंडून निघून गेलं.

तिनं पटकन तोंडावर हात ठेवला. शेवंताकाकू तिथंच कांदे घेत होती, ती फिसकन हसली, तिच्यामागं आमची अख्खी वस्ती हसली, आणि पदराआड मायचे खांदे हलताना मला दिसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश, एक शब्द न गाळता, तिच्याकडे पाहत. ऐकून झाल्यावर मायनं मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, निवडून, भाव करून. मग ऑटोत माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, ‘घरी सांबार हाय का नाही वं?’

भांड्याच्या दुकानाचं काम पुन्हा मिळालं नाही, आणि काही महिने बाकीचीही कामं मुश्किलीनंच मिळाली. मेसमधली पोरं मात्र त्याच आठवड्यात परत आली. तो भोंगा बाबांनी शेवटपर्यंत मागंच ठेवला. नवं गिऱ्हाईक आलं की हटकून विचारायचं, ‘काहून गा, हा एक उलटा काहून लावला?’ बाबा म्हणायचे, ‘तिकडे माही बायको उभी राहते.’